जपून ठेवलेल्या तीनशे संवादांचे काय करावे?

आदरणीय मॅडम,

मी समुपदेशन मानसशास्त्रात एम. ए. केले असून तालुक्याच्या गावातील एका महाविद्यालयात सहा वर्षे समुपदेशक म्हणून काम करते. २०२१ मध्ये आमच्याकडे विद्यार्थ्यांना टोपणनावाने लिहून बोलता येईल अशी चॅटची सोय सुरू झाली आणि ती आजही चालू आहे. अकरावीपासून पदव्युत्तर वर्गापर्यंतची मुले-मुली तिथे येतात. गेल्या वर्षी एका मुलीने घरच्या त्रासाबद्दल बराच वेळ लिहिले, 'कंटाळा आलाय सगळ्याचा' असे म्हटले आणि 'थांबते आता' एवढे लिहून ती निघून गेली. टोपणनावामुळे तिचा शोध घेता येईना. अकरा दिवसांनी ती परत आली आणि म्हणाली, 'त्या दिवशी चार्जिंग संपलं होतं.' ते अकरा दिवस मी विसरू शकलेले नाही. आमचे एक ज्येष्ठ सहकारी विचारतात की, टाइप करून कुठे समुपदेशन होते का? मला मात्र यातले रीतसर प्रशिक्षण घ्यावेसे वाटते. एका ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्सची जाहिरात पाहिली, त्याची फी माझ्या दीड महिन्याच्या पगाराइतकी आहे. तो करावा का? पुढे याच विषयात पीएच.डी. करायची आहे. सुमारे तीनशे संवाद माझ्याकडे जपून ठेवलेले आहेत, नावे काढून ते वापरता येतील का? आणि सहकाऱ्यांना काय उत्तर द्यावे?

— एक समुपदेशक

तुमच्या पत्रात तीन प्रश्न आहेत आणि न विचारलेला चौथा प्रश्न त्या अकरा दिवसांचा आहे. बाकीच्या तिन्हींची उत्तरे मला त्या चौथ्यातूनच सापडतात, म्हणून आधी त्याबद्दल लिहिते.

समोर बसलेली मुलगी 'थांबते आता' म्हणते तेव्हा ती बॅग उचलते, ओढणी सारखी करते, दाराकडे पाहते किंवा पाहायचे टाळते, आणि त्या दोन-चार क्षणांत आपल्याला पुष्कळ कळते. चॅटवर तेच दोन शब्द एकटे येतात. 'थांबते' म्हणजे बॅटरी संपत आली, आई खोलीत आली, उद्या बोलू, की सगळेच थांबवते, हे त्यांवरून सांगता येत नाही. त्याआधी आलेला 'कंटाळा' हा शब्द तर आपल्या भाषेत रविवारच्या रिकाम्या दुपारपासून जीव नकोसा होण्यापर्यंत कुठेही बसतो. आपल्याला वेळेवर कळले नाही याचा दोष तुम्ही स्वतःकडे घेतलेला दिसतो. मला तो तुमच्या शिक्षणाचा वाटतो. आपले अभ्यासक्रम एक खोली आणि दोन खुर्च्या गृहीत धरून बांधलेले आहेत, आणि बोलणे मध्येच तुटले तर काय करायचे हे ठरवण्याची वेळ त्या खोलीत सहसा येत नाही. चॅटवर मात्र बोलणे तुटणे ही रोजची गोष्ट असते, त्यामुळे शेवटाची बोलणी सुरुवातीलाच करून ठेवावी लागतात.

पहिल्या पाच मिनिटांत विचारायची आणि सांगायची वाक्ये तुमच्याजवळ लिहून तयार असायला हवीत. 'आत्ता तुमचा स्क्रीन दुसऱ्या कोणाला दिसतोय का?' हा प्रश्न हो किंवा नाही एवढ्यावर भागेल असा असावा, कारण दोन खोल्यांच्या घरात, जिथे फोन कधीही भावाच्या हातात जाऊ शकतो, तिथे मोठे उत्तर लिहिणेच धोक्याचे असते. मध्येच कोणी आले तर कोणता एक साधा शब्द लिहायचा हे दोघींनी मिळून ठरवावे. आणि मग सांगावे, 'आपलं बोलणं अचानक तुटलं तर मी वीस मिनिटं इथेच थांबेन आणि उद्या सकाळी दहा वाजता पुन्हा इथे असेन.' हे वाक्य आधी लिहिले गेले असते तर तुमची काळजी मिटलीच असती असे मी म्हणणार नाही, पण दुसऱ्या दिवशी दहा वाजता भेटण्याची एक जागा तिलाही ठाऊक असती आणि तुम्हालाही.

टोपणनावाचा प्रश्न याहून अवघड आहे. नाव सांगावे लागणार नाही म्हणूनच ही मुले येतात, त्यामुळे सक्तीने फोन नंबर मागितला तर त्यांतली काही येणेच बंद करतील. माझा कल ऐच्छिक संपर्काकडे आहे. 'तुमच्या जिवाला धोका आहे असं मला वाटलं तरच मी वापरेन असा एखाद्या मोठ्या माणसाचा नंबर देऊन ठेवाल का?' असे विचारावे आणि 'नको' हे उत्तरही मोकळेपणाने स्वीकारावे. नंबर मिळाला नाही तरी या प्रश्नाने एक गोष्ट साधते. धोका वाटल्यास तुम्ही तो गप्प राहून पाहणार नाही, हे तिला पहिल्याच दिवशी कळते. अकरावी-बारावीची मुले तुमच्याकडे येतात, म्हणून गोपनीयतेच्या मर्यादाही आधीच सांगणे तुमचे कर्तव्य आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या १९ व्या कलमानुसार १८ वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि मुलीने सर्व सांगून झाल्यावर तिला हा नियम ऐकवणे म्हणजे तिचा विश्वास आपल्या हाताने मोडणे होय. चॅटच्या खिडकीत सर्वांत वर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक कायम दिसत राहू द्या. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारतर्फे चालणारी ही विनाशुल्क सेवा मराठीतही बोलते, आणि तुम्ही रात्री दोन वाजता चॅटवर नसता तेव्हा तिचा आधार लागतो.

राहिला 'कंटाळा'. असा शब्द आला की अर्थ लावत बसू नये, विचारावे. 'कंटाळा आलाय म्हणजे जगण्याचाच कंटाळा आलाय का? मरून जावं असं मनात येतं का?' असे सरळ विचारण्याची आपल्याकडे भीती वाटते, आपण विचारल्यामुळेच तो विचार डोक्यात शिरेल असे वाटत राहते. मॅडेलिन गोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क राज्यातील शाळांमधील २,३४२ विद्यार्थ्यांवर केलेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आत्महत्येच्या विचारांविषयी थेट प्रश्न विचारल्याने मुलांचा ताण किंवा तसे विचार वाढल्याचे आढळले नाही. लिहून विचारताना हा सरळपणा अधिकच गरजेचा ठरतो, कारण आवाजातली काळजी पडद्यावर उमटत नाही आणि आडून विचारलेला प्रश्न वाचणाऱ्याला केवळ अस्पष्ट वाटतो.

आता ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या शंकेविषयी. मी ती हलकी मानत नाही, कारण माणूस समोर असण्याचे मोल त्यांनी आयुष्यभर पाहिलेले आहे. त्यांना दोन्ही बाजूंचा पुरावा दाखवावा. लिहून आधार देण्याचे काम नवे नाही. ब्रिटनमधील समॅरिटन्स ही संस्था १९९४ पासून ई-मेलला उत्तरे देत आली आहे. नेदरलँड्समध्ये आल्फ्रेड लांग यांनी आघातातून गेलेल्या लोकांसाठी ठरावीक क्रमाने लेखन करून घेण्याची आणि थेरपिस्टने त्याला लिहूनच प्रतिसाद देण्याची पद्धत १९९० च्या दशकात विकसित केली. आपल्याकडे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल ही २०१२ मध्ये सुरू झालेली सेवा फोनच्या जोडीने लेखी माध्यमांतूनही समुपदेशन करत आली आहे.

परिणामकारकतेचा सर्वांत नेमका पुरावा मला २००९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आलेल्या डेव्हिड केसलर आणि सहकाऱ्यांच्या चाचणीत दिसतो. तिथे नैराश्याच्या २९७ रुग्णांपैकी एका गटाला नेहमीच्या उपचारांबरोबर थेरपिस्टशी चॅटवर, म्हणजे दोघेही त्याच वेळी टाइप करत असताना, बोलण्याची सोय दिली गेली. चार महिन्यांनंतरच्या पाहणीत त्या गटातील ३८ टक्के रुग्ण बरे झालेले आढळले, तर केवळ नेहमीचे उपचार घेत प्रतीक्षायादीत असलेल्या गटात हे प्रमाण २४ टक्के होते. इस्रायलमधील अझी बराक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ९२ अभ्यासांचा, म्हणजे ९,७६४ लोकांचा, एकत्रित आढावा घेतला. त्यांना सरासरी परिणाम मध्यम प्रतीचा आढळला, आणि समोरासमोरच्या उपचारांशी थेट तुलना करणाऱ्या १४ अभ्यासांत फरक दिसला नाही. कोर्सच्या जाहिरातींत या आढाव्याचा आधार घेतला जातो तेव्हा मात्र सावध राहा, कारण त्यात माणसाने दिलेल्या समुपदेशनाबरोबर स्वमदतीची संकेतस्थळेही मोजलेली आहेत.

दुसरी बाजू ऑस्ट्रेलियातून येते. तिथल्या किड्स हेल्पलाइनवर फोन करणाऱ्या आणि ऑनलाइन लिहिणाऱ्या मुलांची तुलना रॉबर्ट किंग आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये केली, तेव्हा एका सत्राचा परिणाम फोनवर अधिक चांगला दिसला. तेवढ्याच वेळात लिहून कमी बोलणे होते, हे त्यामागचे एक कारण मानले गेले. त्याच काळातील त्यांच्या दुसऱ्या अभ्यासात मुलांनी स्वतः सांगितले होते की, आवाज ऐकू जाणार नाही आणि रडू आले तरी कळणार नाही अशा सुरक्षिततेसाठी आम्ही लिहिणे निवडतो. हे दोन निष्कर्ष शेजारी ठेवून वाचले म्हणजे या कामाचे खरे स्वरूप लक्षात येते. जे बोलायला आलेच नसते असे कोणीतरी लिहायला येते, आणि आल्यावर आपल्याला त्याला देण्यासाठी शब्द थोडे आणि वेळ अपुरा असतो. म्हणून थोड्या शब्दांत काम करण्याचे कसब शिकावे लागते. सहकाऱ्यांना आणखी एक गोष्ट माझ्या वतीने सांगा. ती मुलगी अकरा दिवसांनी परत आली आणि चार्जिंगचा खुलासा तिने आपण होऊन केला. आपली कोणी वाट पाहत असेल असे वाटल्याखेरीज माणूस असा खुलासा करत नाही. हे नाते टाइप करूनच जुळलेले होते.

तुमच्या पीएच.डी.चा विषय याच्या पुढे सुरू होतो. वर सांगितलेल्या अभ्यासांतले संवाद मुख्यतः इंग्रजी आणि डचसारख्या युरोपीय भाषांत झालेले आहेत. पडद्याआड माणूस अधिक मोकळा का होतो याची जी मीमांसा जॉन सुलर यांनी २००४ मध्ये केली, तिच्यात ओळख लपणे आणि आपण दिसत नसणे या दोन गोष्टींना मोठे स्थान आहे. इंग्रजीत लिहिणाऱ्याला आपण मुलगा की मुलगी हे शेवटपर्यंत लपवता येते. मराठीत पहिल्याच वाक्यातले 'मी गेले' किंवा 'मी गेलो' ते सांगून टाकते. टोपणनाव घेऊन आलेल्या विद्यार्थ्याची निम्मी ओळख आपले क्रियापद उघड करते, मग आपल्याकडचा निनावीपणा त्याच प्रकारचा असतो का, हा प्रश्न कोणीतरी नीट अभ्यासायला हवा.

यात बारकावे पुष्कळ आहेत. 'मला वाटतं', 'मी सांगितलं', 'मी जाईन' अशा रूपांत लिंग कळत नाही, आणि एखादे संभाषण सलग अशाच रूपांत चाललेले दिसले तर तो योगायोग असेल किंवा लिहिणाऱ्याने घेतलेला आडोसा असेल. तो आडोसा आपल्या हातून मोडू नये. तुम्ही 'कुठे गेली होतीस?' असे लिहिले की तो मोडतो, 'तुम्ही काय केलंत?' असे लिहिले की टिकतो. पण सोळा वर्षांच्या मुलाला 'तुम्ही' म्हटले तर त्याला परके वाटते का, आणि 'तू' म्हटले तर आपण शिक्षिका होऊन बसतो का? कोल्हापूर, कराडकडच्या कितीतरी स्त्रिया सहज 'मी आलो', 'मी गेलो' म्हणतात, त्यामुळे क्रियापदावरून मनाशी काही ठरवून टाकणेही चुकीचे ठरते. हे प्रश्न परदेशातल्या पाठ्यपुस्तकात सापडणार नाहीत. ते तुमच्या आणि माझ्या कामाच्या टेबलावर आहेत.

लिपीचेही तसेच आहे. बहुतेक मुले मराठी रोमन अक्षरांत टाइप करतात, आणि त्या अक्षरांत 'मार' आणि 'मर' हे दोन शब्द अनेकदा एकसारखेच लिहिले जातात. वडिलांनी मारले की मरावेसे वाटते, हे उरलेल्या वाक्यावरून ओळखायचे असते. धोक्याचे शब्द आपोआप टिपून सूचना देणारी साधने विकत घेण्याचा आग्रह आता महाविद्यालयांना होऊ लागला आहे. इंग्रजी शब्दांवर तयार झालेली साधने अशा मराठीत किती चुकतात, हे तपासून दाखवणारे काम झाले तर त्याचा उपयोग ताबडतोब होईल. अगदी 'हं' एवढ्या एका अक्षराचा अभ्यासही मी मोलाचा मानेन. फोनवर आपला 'हं' समोरच्याला बोलते ठेवतो. चॅटवर तोच 'हं' आपले लक्ष नाही असे सुचवतो, हे मला सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे इतर समुपदेशकांचे काम तपासून त्यांना मार्गदर्शन करताना, अनेक नव्या समुपदेशकांच्या नोंदी वाचून दिसलेले आहे.

आता त्या तीनशे संवादांकडे येते, आणि इथे मला 'नाही' म्हणायचे आहे. नावे काढूनही ते वापरू नयेत. त्या मुलांनी मदत मागण्यासाठी लिहिले होते. समुपदेशनाला दिलेली संमती ही संशोधनाला दिलेली संमती होत नाही, आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत माहितीपूर्ण संमती आणि नैतिकता समितीची पूर्वपरवानगी यांना पायाचे स्थान आहे. नावे तर त्यांत मुळातच टोपणनावे आहेत, त्यामुळे ती काढून काही साधत नाही. ओळख पटते ती तपशिलांवरून. तालुक्याच्या गावात 'वडील ट्रॅक्टरखाली सापडले', 'बहिणीचे लग्न मोडले', 'मी वसतिगृहाच्या तिसऱ्या मजल्यावर राहते' अशी तीन वाक्ये एकत्र आली की कोण ते सांगायला नाव लागत नाही. प्रबंध पुढे ग्रंथालयात आणि इंटरनेटवर कायमचा उपलब्ध होतो. एखादी विद्यार्थिनी चार वर्षांनी तो उघडेल आणि आपले वाक्य अवतरणचिन्हांत वाचेल, ही कल्पना करून पाहा.

समोरासमोरच्या समुपदेशनात शब्द हवेत विरतात आणि आपल्या हाती आपली टिपणे उरतात. लेखी समुपदेशनात शब्दन् शब्द उरतो. शिकण्यासाठी आणि संशोधनासाठी याच्यासारखे साधन दुसरे नाही, आणि हाच या कामातला सर्वांत मोठा धोकाही आहे. म्हणून त्या तीनशे नोंदी सध्या कुठे आहेत, त्या संगणकाचा पासवर्ड कोणाकोणाला माहीत आहे, त्यांतल्या काहींचे स्क्रीनशॉट तुमच्या स्वतःच्या फोनमध्ये आहेत का, हे तुम्ही आजच तपासावे अशी माझी आग्रहाची विनंती आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या २३ व्या कलमाने उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे, आणि महाविद्यालयातला समुपदेशक त्या कलमाच्या शब्दांत बसतो की नाही या वादात न शिरता तो हक्क आपण पाळावा. नोंदी किती दिवस ठेवायच्या आणि केव्हा नष्ट करायच्या याचा लेखी नियम प्राचार्यांकडून करून घ्या, आणि तो नियम चॅटच्या पहिल्या पानावर विद्यार्थ्यांना वाचता येऊ द्या.

मग पीएच.डी. कशावर करावी? पुढच्या संवादांसाठी नव्याने संमती मागता येईल, पण ती रडत असलेल्या मुलाकडे, त्याच बैठकीत आणि तुम्ही स्वतः मागू नये, कारण ज्या व्यक्तीकडून मदत हवी आहे तिला 'नाही' म्हणणे कोणालाही कठीण जाते. मदतीचे काम पूर्ण झाल्यावर काही आठवड्यांनी, तुमच्याशी संबंध नसलेल्या सहकाऱ्याने ती मागावी, आणि दिलेली संमती पुढे मागे घेण्याचा मार्ग खुला ठेवावा. १८ वर्षांखालील विद्यार्थ्यांना या अभ्यासातून वगळणेच मला योग्य वाटते. याहून सुरक्षित आणि माझ्या मते पहिल्या प्रबंधासाठी अधिक चांगला मार्ग असा की, मराठीत चॅटवर काम करणाऱ्या समुपदेशकांच्याच मुलाखती घ्याव्यात. 'तू' की 'तुम्ही' हे त्या कसे ठरवतात, 'कंटाळा' आला की काय विचारतात, संवाद तुटल्यावर काय करतात, हे त्यांच्याकडून समजून घेता येईल. त्याच्या जोडीला प्रशिक्षणार्थींनी भूमिका घेऊन केलेले सरावाचे संवाद अभ्यासता येतील. त्यांत कोणाचेही खरे दुःख उघडे पडत नाही आणि भाषा मात्र खरी मिळते.

हाच सराव तुमच्या कोर्सच्या प्रश्नाचेही उत्तर आहे. मी शिकवताना दोघांना एकाच इमारतीच्या दोन खोल्यांत बसवते. एकाला एक परिस्थिती लिहून दिलेली असते, दुसऱ्याला काहीही माहीत नसते, आणि दोघे ४० मिनिटे फोनवर टाइप करत बोलतात. नंतर सर्वजण एकत्र बसतो आणि तो संवाद मोठ्याने वाचतो, दोन संदेशांमध्ये गेलेल्या वेळेसकट. 'समोरून उत्तर यायला चार मिनिटे लागली, त्या चार मिनिटांत तू तीन प्रश्न आणखी विचारलेस' हे वाचून दाखवल्यावर होणारे शिक्षण व्याख्यानातून होत नाही. लांबीचे भानही असेच येते. ई-मेलवर काम करायला लागले तेव्हा एका मुलाच्या चार ओळींच्या पत्राला मी दोन पाने भरून उत्तर पाठवले होते. त्याने पुन्हा लिहिले नाही. माझ्या सुपरव्हायजरांनी ती दोन पाने माझ्यासमोर वाचली आणि विचारले, यातली कोणती ओळ त्याच्या पत्रातल्या कोणत्या ओळीला उत्तर देते? मला तीनच ओळी दाखवता आल्या. त्या दिवसापासून उत्तर लिहिण्याआधी मी आलेल्या मजकुरातले नेमके शब्द अधोरेखित करते.

तेव्हा फी भरण्यापूर्वी कोर्स चालवणाऱ्यांना इतकेच विचारा की, माझे स्वतःचे सरावाचे संवाद कोण वाचणार आहे, किती वेळा वाचणार आहे, आणि त्या व्यक्तीने स्वतः लेखी समुपदेशन किती वर्षे केले आहे? उत्तरात रेकॉर्ड केलेले व्हिडिओ, प्रश्नमंजूषा आणि प्रमाणपत्र एवढेच असेल तर दीड महिन्याचा पगार देऊ नका. मराठीतले संवाद वाचू शकणारे कोणी नसेल तरीही देऊ नका. 'आंतरराष्ट्रीय मान्यता' या शब्दांनीही भुलू नका. भारतात सर्व समुपदेशकांना लागू होणारा एकच परवाना आजतरी प्रत्यक्षात नाही, भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी ही चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांसारख्या ठरावीक व्यावसायिकांसाठी आहे, आणि मार्च २०२० मध्ये आलेली टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे नोंदणीकृत डॉक्टरांसाठी आहेत. कोणताही खासगी कोर्स तुम्हाला कायदेशीर अधिकार देऊ शकत नाही. त्यातून कौशल्य मिळत असेल तरच तो करण्यात अर्थ आहे.

चांगला कोर्स मिळेपर्यंत थांबायचेही कारण नाही. गोव्यात संगथ या संस्थेने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, समाजातूनच निवडलेल्या समुपदेशकांना नैराश्यावरील सहा ते आठ सत्रांचा एक उपचार शिकवला, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांतून दिलेल्या त्या उपचाराचा चांगला परिणाम २०१७ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. ती सत्रे समोरासमोरची होती, तरी त्यांच्या प्रशिक्षणातली एक रीत तुमच्या कामाची आहे. हे समुपदेशक गटाने बसून एकमेकांच्या सत्रांची ध्वनिमुद्रणे ऐकत आणि ठरलेल्या मोजपट्टीवर गुण देत. सरावानंतर त्यांनी दिलेले गुण तज्ज्ञांच्या गुणांशी बऱ्याच अंशी जुळू लागल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. तुमच्या जिल्ह्यात महाविद्यालयांत काम करणाऱ्या चार-पाच समुपदेशक नक्की असतील. पंधरा दिवसांतून एकदा दोन तास जमा, सरावाचा एक संवाद मोठ्याने वाचा, आणि तपासण्याचे मुद्दे स्वतः ठरवा. सुरुवातीची बोलणी झाली का, संदिग्ध शब्दाचा अर्थ विचारला का, उत्तराची लांबी समोरच्याच्या लांबीला धरून होती का, शेवट दोघींना कळेल असा झाला का. वर्षातून दोन-तीनदा एखाद्या अनुभवी सुपरव्हायजरला मानधन देऊन बोलवा. कोर्ससाठी बाजूला ठेवलेल्या पैशांचा तो अधिक चांगला उपयोग ठरेल.

यातले पहिले काम मात्र कोणाच्याही परवानगीवाचून या आठवड्यात होऊ शकते. सुरुवातीच्या पाच मिनिटांची तुमची वाक्ये कागदावर उतरवा, तुमच्या बोलीत आणि तुमच्या विद्यार्थ्यांना समजेल अशी. मग ती दोन-तीन विद्यार्थ्यांना वाचायला द्या आणि ज्या वाक्याशी ते अडखळतील किंवा जे त्यांना सूचनाफलकासारखे वाटेल, ते त्यांच्याकडूनच बदलून घ्या.